गरम, आंबट आणि बंद खिडकी

‘नॅचरल’ लिहिलेलं सगळंच चांगलं नसतं आणि आजीच्या काळातलं सगळंच निर्धोक नसतं. घरात बाळ येणार म्हटल्यावर आम्ही आमच्या पुण्यातल्या फ्लॅटची झाडाझडती घेतली, त्यातून सापडलेला हा फंडा.

दुपारी एक वाजता कुठल्याही आयटी पार्कातल्या पॅन्ट्रीत डोकावून बघा. मायक्रोवेव्हसमोर रांग असते आणि रांगेतल्या गप्पा हमखास खाण्याच्याच असतात. कुणी गहू सोडलेला असतो, कुणी सेंद्रिय गुळाचा पत्ता देत असतं, कुणाला ‘केमिकल फ्री’ शाम्पूचा नवा ब्रँड सापडलेला असतो. तेवढ्यात टिंग! आणि सेंद्रिय तूरडाळीची आमटी प्लॅस्टिकच्या डब्यातच खदखदून बाहेर येते. जेवण झालं की वर कागदी कपातला ग्रीन टी. हेल्दी लाइफस्टाइल, बॉस!

आधी त्या कपाचं बघू. तो नुसत्या कागदाचा असता तर चहा केव्हाच टेबलावर आला असता. गळू नये म्हणून त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांची परीक्षा घेतली. ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी कपात १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. १५ मिनिटं म्हणजे एक कॉल घेत घेत चहा प्यायला लागतात तेवढीच.

डब्याची गोष्ट याहून वाईट. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ मधल्या प्रयोगात, लहान मुलांच्या खाण्याचे काही प्लॅस्टिकचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, तेव्हा एकेका चौरस सेंटिमीटरमधून ४० लाखांपर्यंत सूक्ष्म कण आणि २०० कोटींपर्यंत त्याहूनही बारीक कण सुटलेले आढळले. या कणांचं शरीरात जाऊन नेमकं काय होतं, यावर संशोधन अजून चालू आहे. पण उपाय इतका स्वस्त आहे की निकालाची वाट कशाला बघायची? डब्यातली आमटी पॅन्ट्रीतल्या चिनीमातीच्या बशीत किंवा वाडग्यात ओता, मग गरम करा. बस्स. आणि डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. टपरीवरून पातळ पिशवीत बांधून येणारा उकळता चहा किंवा हॉटेलातलं सांबार हाही त्यातलाच प्रकार. घरचा स्टीलचा डबा आणि टेबलावर स्वतःचा मग, एवढ्यात निम्मं काम होतं.

आता तुम्ही म्हणाल, हिला अचानक एवढं टेन्शन का आलं? सांगते.

वहिनीची चेकलिस्ट

माझ्या वहिनीला सध्या सातवा महिना आहे. तिचं माहेर नागपूरला आणि डॉक्टर पुण्यातले, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलंय. वहिनी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे बग शोधणं हा तिचा धंदाच. तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला : घरातलं काय काय बाळासाठी धोक्याचं आहे? मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे घरात सगळ्यात मोकळी (असं सगळ्यांचं मत). त्यामुळे माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. आईचं म्हणणं होतं, ‘‘अगं, तुम्ही दोघं वाढलातच की याच घरात!’’

आठवडाभर वाचून आणि दोन डॉक्टरांचं डोकं खाऊन मी तीन प्रश्न काढले. वस्तू गरम होते का? तिला आंबट लागतं का? ती बंद खोलीत जळते किंवा हवेत उडते का? यातल्या एकाचं उत्तर ‘हो’ आलं की तिच्याकडे नीट बघायचं. लेबलवर पान-फूल छापलंय की नाही, हा प्रश्न यात कुठेच नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो ट्रंकेवरून. आईने माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली. त्यात दादाची झबली, टोपडी, आजीने शिवलेली दुपटी, सगळं तीस वर्षं जपून ठेवलेलं. झाकण उघडलं आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास! आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते आठवणींनी. वहिनी मात्र दोन पावलं मागे सरकली.

डांबराच्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थॅलीन. ते घन असलं तरी हळूहळू हवेत उडत राहतं आणि कपड्यांत मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थॅलीनचा संपर्क झाला तर तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात, कावीळ वाढते, आणि ती हाताबाहेर गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. नॅफ्थॅलीनमध्ये ठेवलेल्या कपड्यांमुळे बाळं आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत बऱ्याच वर्षांपासून आहेत. आपल्या बाळात ते एन्झाइम कमी आहे का, हे जन्माआधी बघून कळत नाही. जन्मानंतर रक्ताची तपासणी करता येते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

‘‘आई, अहो, मला ती झबली फार आवडलीत. पण घालायची नकोत,’’ वहिनी म्हणाली. आई त्या दिवशी जेवताना बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक दुपटं फ्रेम करायला दिलं आणि बाकीची ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली, गोळ्यांशिवाय. आता कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला आहे आणि महिन्यातून एकदा कपड्यांना कडक ऊन. बाळाचं सगळं नवं, सुती, एकदा धुतलेलं.

कॉइलचं गणित

बंद खोलीचा दुसरा मानकरी म्हणजे डासांची कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे कण मोजले. ते ७५ ते १३७ सिगरेटींच्या धुराइतके भरले! घरात कुणी एक सिगरेट पेटवली तर आपण आरडाओरडा करतो आणि रात्रभर उशाशी कॉइल लावून गाढ झोपतो. वर डास येऊ नयेत म्हणून खिडकीही बंद. उपाय आजीचाच : मच्छरदाणी. दिसायला ‘डाउनमार्केट’ वाटते हे मान्य, पण तिला धूर नाही, वास नाही आणि रिफिल तर नाहीच नाही. खिडक्यांना जाळी, बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणं, हे त्याच्या जोडीला. ज्यांना संध्याकाळी अगरबत्ती किंवा सेंटेड कॅन्डल लावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी खिडकी उघडून लावावी. देवाची काही हरकत नसते.

बाथरूमबद्दल एकच. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वापरली की ‘डबल चकाचक’ होतं हा गैरसमज आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांचा आहे.

आंबट ताक, पिवळं पातेलं

स्वयंपाकघरात आईची बाजू भक्कम होती. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आंबट पदार्थ आणि तांबं किंवा पितळ यांची गाठ पडली की धातू पदार्थात उतरतो आणि मळमळ, उलट्या ठरलेल्या. म्हणून तर कल्हई. नवसागराचा पांढरा धूर, तापलेलं भांडं आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चकाकणारा कथलाचा थर. कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या आसपास वाढलेल्या कुणालाही विचारा, हा खेळ बघत उभं राहिल्याची आठवण निघेल. आणि हे नुसतं आजीचं शहाणपण नाही, नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न आपला अन्नसुरक्षेचा कायदाही योग्य मानत नाही.

गंमत अशी, की आई हे जाणते आणि नव्या पिढीतली मंडळी मात्र तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून ‘डिटॉक्स वॉटर’ पितात! तांब्यात साधं पाणी ठीक. लिंबू, ताक, कोकम सरबत अजिबात नाही.

पण आईलाही इथे एक धक्का होता. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२५ मध्ये इशारा दिला की बाहेरून आयात झालेल्या काही अ‍ॅल्युमिनियमच्या, पितळेच्या आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतंय. हिंडालियम म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेल्या त्या करड्या, जाड कढया आणि पातेली. सगळीच भांडी वाईट असं यातून म्हणता येत नाही; भंगारातून काय काय वितळवून भांडं ओतलंय यावर ते अवलंबून. पण बघून ओळखता येत नाही, हीच अडचण. शिशाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्वच्छ आहे : त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

त्यामुळे आमच्याकडे टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, ताकाची कढी आता फक्त स्टीलमध्ये होते. जुनी हिंडालियमची कढई निवृत्त झाली. पितळी पातेलं घासून शोकेसमध्ये. कुणाला कल्हई करूनच घ्यायची असेल, तर शुद्ध कथलाचीच करतोस ना हे कल्हईवाल्याला आधी विचारा. स्वस्तात करायची म्हणून कथलात शिसं मिसळलेलं असेल तर रोगापेक्षा औषध भयंकर. नॉनस्टिक तव्याला आम्ही घटस्फोट दिलेला नाही. तो रिकामा तापत ठेवायचा नाही, मोठ्या आचेवर नाही, आणि थर निघायला लागला की सरळ बाहेर. रोजच्या धिरड्यांना मात्र बिडाचा तवा. पहिली दोन चिकटतात, तिसऱ्यापासून तो माणसात येतो. बिडाच्या किंवा लोखंडी भांड्यात आंबट शिजवलं तर लोह उतरतं, ते उलट फायद्याचंच. भाजी थोडी काळी पडते इतकंच.

हळदीवर कुणी बोलू नये

हळद माझ्या तीन प्रश्नांत कुठेच बसत नाही, तरी तिच्यावर बोलावंच लागेल. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळाधमक शिशाचा रंग चोळला जात होता. २०१९ मध्ये हे उघड झाल्यावर सरकारने छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, आणि बाजारातल्या शिसं असलेल्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. दोन वर्षांत! आपल्याकडचं काय? भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या शहरांमधून हळद तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात पाटण्यातल्या काही नमुन्यांत शिसं आपल्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त निघालं. आपली मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या चकचकीत हळकुंडांत ही भेसळ सर्वांत जास्त होती.

यावर वहिनीची पहिली प्रतिक्रिया : हळद बंद! आई म्हणाली, ‘‘मग वरण काय पांढरं करू?’’ मधला मार्ग निघाला. आपल्या सांगलीसारखी हळदीची पेठ राज्यात असताना सुटी, नको तितकी पिवळी पावडर कशाला? आम्ही मळकट, खडबडीत, पॉलिश न केलेली हळकुंडं आणली आणि डंखावर दळून आणली. रंग जरा मंद आहे, वास मात्र सॉलिड. हे जमत नसेल तर पॅकबंद, नोंदणी क्रमांक असलेली घ्या. सुटी पावडर नको.

भाज्या-फळांचं तुलनेनं सोपं. ‘ऑर्गॅनिक’चं महागडं स्टिकर परवडत नसेल तर खाण्याचा सोडा परवडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात सफरचंदाच्या सालीवरची दोन कीटकनाशकं सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर निघून गेली. प्रमाण साधारण लिटरभर पाण्याला दोन चमचे. सालीच्या आत मुरलेलं निघत नाही, हेही त्यांनीच सांगितलंय. मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. आंबा मात्र विचारून घ्या : अढीतला की कार्बाइडचा? कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. एफएसएसएआयने २०१६ पासून इथिलिन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी दिलीय. मार्च संपायच्या आत, बाहेरून एकसारखा पिवळा, आतून आंबट आणि वास शून्य, असा आंबा आम्ही घेत नाही. गवतातली अढी आठवडाभर थांबायला लावते. थांबा की.

पाकिटाची मागची बाजू

आता आपल्या, म्हणजे ऑफिसवाल्यांच्या, भुकेकडे येऊ. संध्याकाळी पाचला जे पाकीट फुटतं त्याची पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू माहिती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी सर्वांत शेवटी असेल, तर ती नाचणी फोटोपुरतीच आलीय असं समजा. २०२४ मध्ये एफएसएसएआयने ज्यूसच्या खोक्यांवरचा ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. त्याच वर्षी केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की दुधात घालायच्या पावडरींसकट ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका. पुढच्या बाजूवर विश्वास ठेवायचा नाही याचे हे सरकारी पुरावेच म्हणा ना. मिठाचंही बघा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक पाकीट नूडल्स आणि शेजारी लोणचं म्हटलं की त्यातला बराचसा वाटा संपला.

वडापाव सोडा असं मी सांगणार नाही. मीही सोडणार नाही! पण तो वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. छापील शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात, गरम तेलकट वड्याला ती लागते, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार त्याला मनाई आहे. स्वतःचा डबा पुढे करा. पहिल्या दिवशी गाडीवाला हसतो, तिसऱ्या दिवशी एक मिरची जास्त देतो. तळणीचं तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसलं तर दुसऱ्या गाडीकडे वळा.

आणि जेवणाबरोबरचा तो चहा. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय, की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा. त्यातली टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत. वहिनीचं हिमोग्लोबिन कमी आल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, पण जेवल्यावरचा चहा साडेतीनवर ढकलायला लावला आणि वरणावर, पोह्यांवर लिंबू पिळायला सांगितलं. ‘क’ जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू ही काही डाएटिशियनची देणगी नव्हे, पण का पिळतो हे कळल्यावर आम्ही सगळेच जरा जास्त पिळायला लागलो.

मध, सोनं आणि काजळ

चेकलिस्टच्या तळाशी दोन गोष्टी उरल्या होत्या आणि दोन्ही आईच्या जिव्हाळ्याच्या. पहिली, बाळ जन्मल्यावर सोनं उगाळून मधाचं चाटण. मधाहून नॅचरल काय असणार? पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते पचवतं, बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, अंगातला जोर जातो, श्वासावर बेततं. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, थेंबभरही नाही. पहिले सहा महिने तर फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. हे मी सांगितलं असतं तर आईने ऐकलं नसतं. वहिनीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तिने नुसतीच मान हलवली आणि घरी आल्यावर मधाची बाटली सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. सोन्याचं वळं मात्र बाळाच्या हातात घालणारच, असं जाहीर केलं. कुणी हरकत घेतली नाही.

दुसरं काजळ. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि घरी धरलेलं शुद्ध असलं तरी बाळाच्या डोळ्यांत बोट घालण्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळ्यांत नाही, यावर वहिनी ठाम. ‘‘मग दृष्ट नाही का लागणार?’’ आई ठाम. दादा दोघींच्या मध्ये बसून फोनमध्ये बघत होता. शेवटी तह झाला : घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, डोळ्यांत नाही, गालावर नाही, बाळाचा हात पोचणार नाही असं कानामागे, तीळभर. आईने त्यासाठी चांदीची वाटी घासून ठेवलीय.